हिरव्या पानाची कॅप्सूल

वारणाकाठच्या एका गावातल्या, जन्मात कधी अंड्याला हात न लावलेल्या बहात्तर वर्षांच्या बाईंना मी अकरा महिने जनावरांच्या हाडाकातड्यांचा अर्क खायला घातला. चुकून नव्हे. मला माहीत होतं. औषध लिव्हरचं होतं, वनस्पतींचं होतं, डब्यावर हिरवंगार पान छापलेलं होतं. हाडं काय ती फक्त बाहेरच्या सालीत होती.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला औषधविक्रीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत, सांगतो. पण हे आधी सांगून टाकलं, कारण मागाहून सांगायला गेलो की मला शब्द फार चांगले सुचतात. तो माझ्या धंद्याचा दोष आहे.

धंदा म्हणजे एम.आर.चा, औषध कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधीचा. दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसलेला, गळ्यात टाय, मांडीवर काळी बॅग आणि ज्याला काहीही झालेलं नाही असा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो मी. बावीस वर्षं बसलो. त्यातली शेवटची नऊ वर्षं एका आयुर्वेदिक कंपनीचं लिव्हर टॉनिक घेऊन सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे फिरलो. वाईच्या घाटापासून जतच्या माळापर्यंत ज्याला म्हणून लिव्हर आहे, तो माझं गिऱ्हाईक होता.

धंद्याला लिव्हरइतका सोयीचा अवयव दुसरा नाही. दाढ दुखते, गुडघा दुखतो. औषध लागू पडलं की नाही हे माणसाला दुसऱ्या दिवशी कळतं आणि तो बाटली परत आणून आपटतो. लिव्हर बिचारं सहसा दुखतच नाही. न दुखणाऱ्या गोष्टीला आराम पडला, हे पटवायला फारशी अक्कल लागत नाही. भूक लागत नाही? लिव्हर. तोंडाला चव नाही? लिव्हर. मुलगा अभ्यास करत नाही म्हणून एका बापानं विचारलं होतं, त्यालाही मी नाही म्हटलं नाही.

आमचा आवडता शब्द 'साफ'. टॉनिक लिव्हर साफ करतं. आता लिव्हर हेच शरीरातलं साफसफाईचं खातं. ते साफ करायला दोन चमचे पाठवणं म्हणजे परटाच्या घरी धुणं धुवायला बाई लावण्यासारखं आहे. पण हे वाक्य मला नोकरी सोडल्यावर सुचलं. नोकरीत असताना पगार सुचत होता.

वनस्पतींची मी चेष्टा करत नाही. आमच्या औषधात भुई आवळी होती, कुटकी होती, पुनर्नवा होती, काळमेघ होता. जाणते वैद्य ती पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत, पण नाडी बघून, माणूस बघून, मोजून. ते किती द्यायचं, कुणाला, किती दिवस, आधी रक्त तपासलं का, असे प्रश्न विचारणारे डॉक्टरही माझ्या भागात होते. त्यांच्याकडे मी शक्यतो बाहेरूनच नमस्कार करून यायचो.

आमचं वर्ष आकाडात उजाडायचं. श्रावण लागायच्या आधी गावोगाव मटणाचे बेत आणि बाटल्या रंगतात. तेवढ्या एका महिन्यात माझं तिमाहीचं टार्गेट निघायचं. म्हसवडला लष्करातले एक निवृत्त हवालदार होते. बसायच्या आधी ते आमचं टॉनिक चार चमचे घ्यायचे, मग ग्लास भरायचे.

"सायेब," ते मला म्हणाले, "हल्ल्याच्या आदी कव्हर फायर द्यावा लागतो. हे तुमचं कव्हर फायर हाय. मागनं जवान बिनधास्त पुढं जातोय."

हे वाक्य ऐकून मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. मी ते पाठ केलं आणि पुढे माण-खटावच्या प्रत्येक माजी सैनिकाला ऐकवलं. हवालदारसाहेब पुढे कावीळ होऊन साताऱ्याला महिनाभर पडून होते. आता ताक पितात, आणि मला बघितलं की "आला बघा आमचा तोफखाना" म्हणतात. ते हसतात म्हणून मीही हसतो.

जतला एका धनगरानं आमची अख्खी बाटली आजारी मेंढीला पाजली आणि मेंढी चरायला लागली म्हणून मला शोधत दवाखान्यात आला. मी म्हटलं, मामा, हे माणसाचं औषध आहे. तो म्हणाला, "मानसाचं लिव्हर बी बोलत न्हाई आन मेंढरू बी बोलत न्हाई. मग तुला रं काय फरक पडतोय?" इतकं नेमकं आमच्या कंपनीतही कुणी बोललं नव्हतं.

आता आक्का.

त्यांचं नाव सुमतीआक्का समजा. खरं नाव लिहीत नाही. त्यांना माझ्यामुळे जेवढं झालं तेवढं पुरे. घर जैन, ऊस-सोयाबीनची शेती, थोरला मुलगा अजित खता-बियाण्यांचं दुकान चालवतो. आक्कांना मी पहिल्यांदा बघितलं ते गावातल्या दवाखान्यात. सोनोग्राफीत लिव्हरवर थोडी चरबी आली होती. डॉक्टरांनी आमचं पातळ औषध लिहून दिलं होतं आणि आक्का ती बाटली परत घेऊन आल्या होत्या.

"डॉक्टर, ह्यात मध हाय. बाटलीवर लिवलंय. आमाला मध चालत न्हाई."

मध काढताना माश्या मरतात, म्हणून जैन घरात मध खात नाहीत. चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणारी मला भेटलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. आम्ही ती अक्षरं कुणी वाचू नयेत इतकी बारीक ठेवायचो.

डॉक्टर दमलेले होते. "मग राहू दे, आक्का. रोज चाला, गोड आणि तूप कमी करा. त्यानंच उतरेल."

"चालतोय की. पर आवशद नको व्हय?"

डॉक्टरांनी बाकावर बसलेल्या माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. यांच्याकडे कॅप्सूल आहे."

मी उठलो. आक्कांनी डबा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि एकामागून एक विचारायला लागल्या. मध? नाही. कंदमूळ? पुनर्नवेचं मूळ आहे, पण वाळलेलं. सुंठ चालते तसंच. ते त्यांना पटलं. मग डब्यावर 'रात्री झोपताना' लिहिलं होतं, ते त्यांनी मला दाखवलं. "दिवस मावळला की आमी पानी बी घेत न्हाई." मी म्हटलं, मावळायच्या आधी घ्या, काही बिघडत नाही. हे तिन्ही खरं होतं. तीन खरी उत्तरं दिली की माणसाची चौथ्याबद्दलची भीड चेपते.

"आनि ही साल?" त्यांनी कॅप्सूल बोटात धरली. "आमची भाची पुण्याला असती. ती म्हनती, काय काय कॅप्सूलांची साल जनावरापासनं करत्यात. ही कशाची हाय?"

मला उत्तर माहीत होतं. कॅप्सूल बाजारात आली तेव्हा पुण्यात हॉटेलात आमचं ट्रेनिंग झालं होतं. तिथं इचलकरंजीच्या एका पोरानं हाच प्रश्न विचारला होता. साहेबांनी सांगितलं, साल जिलेटिनची आहे, जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं, सगळेच वापरतात. आणि हसून पुढे म्हणाले, "साल म्हणजे औषध नव्हे. साल म्हणजे पॅकिंग." मग पनीर टिक्का आला.

दवाखान्यात मी आक्कांच्या हातातला डबा घेतला, समोरची बाजू त्यांच्याकडे वळवली आणि हिरव्या पानावर बोट ठेवलं.

"आयुर्वेदिक आहे, आक्का. हे बघा."

"पानाचीच हाय म्हना की."

मी हसलो. मान हलली असेल, मला आठवत नाही असं मी पुढे बरेच दिवस म्हणत होतो. हलली होती.

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "मग तुमच्या शब्दावर घेते."

मी शब्द दिला नव्हता, बोट दाखवलं होतं. या फरकावर मी अकरा महिने झोपलो, आणि झोप चांगली लागली.

आक्का बरोबर नियमानं घ्यायच्या. शिवाय सकाळी देवळापर्यंत आणि संध्याकाळी नदीपर्यंत चालायच्या, पुरणपोळी सणापुरती ठेवली होती. सहा महिन्यांनी रक्त तपासलं, आकडे उतरले होते. कशानं उतरले हे डॉक्टरांना कळत होतं, मलाही कळत होतं. आक्कांनी मात्र सगळं श्रेय मला दिलं आणि देवळातल्या बायकांना माझ्या कॅप्सूलबद्दल सांगितलं. त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास. आक्का वाचल्याशिवाय खात नाहीत, हे गावाला ठाऊक. बघता बघता सात घरांत डबे गेले.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. 'सूर्यास्तापूर्वी एक' असं छापलेलं कार्ड माझ्या डोक्यातून निघालं. ते वारणा-कृष्णाकाठच्या जैन गावांत चाललं. कंपनीनं मला शाल दिली आणि मी दोन शब्द बोललो. आपण गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा आदर केला पाहिजे, असं मी बोललो.

मला अगदीच काही वाटत नव्हतं असं नाही. एकदा मी साहेबांना फोन करून विचारलं, वनस्पतीच्या सालीची कॅप्सूल मिळते, थोडी महाग पडते, पण आपल्याला करता येईल का? साहेब म्हणाले, "डिमांड आली की बघू." डिमांड म्हणजे कुणीतरी विचारायला हवं. विचारणाऱ्या एकुलत्या एक बाईला मी पान दाखवून गप्प केलं होतं.

त्या पावसाळ्यात गावच्या जैन मंदिरात एका आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. आर्यिका म्हणजे संसार सोडलेल्या साध्वी. त्यांचा नियम असा, की दिवसातून एकदाच, सकाळी, कुणा श्रावकाच्या, म्हणजे संसारी जैनाच्या, घरी ओंजळीत आहार घ्यायचा. पाणीही तेव्हाच. नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही. औषध असेल तर तेही त्या एका आहारातच. आणि या माताजी नुकत्याच काविळीतून उठल्या होत्या.

श्रावणाच्या शेवटी आक्कांचा फोन आला. "सायेब, उद्या आमच्याकडं चौका लावलाय." चौका म्हणजे आहारासाठी मांडलेला सोवळ्यातला स्वयंपाक. "माताजींना लिव्हरचंच झालंय. तुमची कॅप्सूल देऊ म्हनतोय. सालीसकट द्यायची का पूड करून?"

मी गाडी बाजूला घेतली. आता सांगायचं, असं मनात आलं. आणि तेवढ्यात त्या प्रश्नातच मला पळवाट दिसली.

"पूड करा, आक्का. साल काढून टाका. पूड लवकर लागू पडते."

काय पण बुद्धी. साल गेली, पाप गेलं, विक्री राहिली. काविळीतून उठलेल्या बाईला ही पूड द्यावी की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा, एवढंही मी म्हणालो नाही. उलट आक्कांनी "तुमी बी या की दर्शनाला" म्हटल्यावर मी येतो म्हणालो.

सकाळी सातला पोचलो. अंगण सारवून रांगोळी घातली होती. घरातली माणसं आंघोळी करून धुतलेल्या वस्त्रांत. त्यांना शिवायचं नाही. अजितनं मला अंगणाच्या कडेला खुर्ची दिली. थोड्या वेळानं आक्का दारात आल्या आणि लांबूनच त्यांनी एक वाटी मला दाखवली.

"कोमट पान्यात कालवलं बगा. साल टाकून देनार हुते, पर म्हटलं पानाचीच हाय, टाकायची कशाला. ती बी विरघळली."

वाटीतल्या पाण्यावर हिरवट बुळबुळीत साय आली होती.

अजून घरातल्याखेरीज कुणी आलेलं नव्हतं. माताजी मंदिरातून निघायला दीडेक तास होता. दोन वाक्यांचं काम. आक्का, ते ओतून द्या, साल जनावराची आहे. दुसरी वाटी करायलाही वेळ होता. मी म्हणालो, "छान."

का म्हणालो ते सांगतो. माताजी कुणाच्या घरी आहार घेणार हे कुणालाच माहीत नसतं. त्या निघताना मनाशी एक खूण धरतात, अमुक दिसलं तर तिथं थांबायचं, आणि ती कुणाला सांगत नाहीत. त्या दिवशी गल्लीत पाच घरांनी चौके लावले होते. पाचांतलं एक म्हणजे वाटी तशीच राहण्याची शक्यता पुष्कळ. बावीस वर्षं टार्गेटचा हिशोब केलेला माणूस मी. मी खुर्चीत बसून तो हिशोब केला आणि गप्प राहिलो.

माताजी निघाल्या. दारादारांत माणसं उभी. कुणाच्या हातात कलश, कुणाच्या नारळ, कुणाकडे आंब्याची डहाळी. "वंदामि माताजी, वंदामि, तिष्ठ, तिष्ठ," असा प्रत्येक दारातून थांबायचा पुकारा. माताजी अगदी लहानखुऱ्या, पांढऱ्या साडीत, हातात मोरपिसांची पिंछी. डोळ्यांत अजून पिवळेपणा होता. पहिलं घर गेलं, दुसरं गेलं. मी देवाला हात जोडले. कुठल्या ते विचारू नका, तिथं जवळ जो असेल त्याला. म्हटलं, पुढं जाऊ दे.

माताजी आक्कांच्या दारासमोर थांबल्या.

आक्कांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. त्यांनी आणि अजितनं प्रदक्षिणा घातली, माताजींना आत नेलं, पाटावर बसवलं. दार उघडं होतं, मला अंगणातून सगळं दिसत होतं. मग घरातल्या सगळ्यांनी हात जोडून म्हणायचं ते म्हटलं. मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहार-पाणी शुद्ध आहे. आक्कांचा आवाज सगळ्यांत वर होता. त्यांचं वचन शुद्धच होतं. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं होतं एवढंच.

माताजींनी ओंजळ पुढे केली. अजितनं गाळलेलं कोमट पाणी घातलं. ते ओंजळभर त्या प्यायल्या. मग आक्कांनी वाटी उचलली.

"आक्का, थांबा," मी म्हणालो. "ते देऊ नका."

सगळे वळले. अजित म्हणाला, "का वं?"

"त्याची साल जनावराच्या हाडाची आहे."

आहार चालू असताना असलं काही नुसतं कानावर पडलं, तरी अंतराय होतो. म्हणजे आहार तिथंच संपला. माताजींनी ओंजळ सोडली. रागावल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. उठल्या आणि मंदिराकडे चालू लागल्या. काविळीतून उठलेली बाई, पोटात एक ओंजळ पाणी, आणि आता दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत काही नाही.

आक्का वाटी धरून तशाच उभ्या होत्या. अजित अंगणात आला. तो ओरडेल असं मला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "सायेब, तुमी सात वाजल्यापासनं हितं बसलायसा."

दुसऱ्या दिवशी माताजींनी शेजारच्या घरी आहार घेतला, मुगाचं पाणी आणि थोडा भात. हळूहळू सावरल्या. कुणाच्याही कॅप्सूलशिवाय. आक्कांनी तीन दिवस उपवास केला. माझ्या वाट्याचा, असं मला अजितनं फोनवर सांगितलं. आक्का फोनवर आल्या नाहीत.

माफी मागायला मी लगेच सुरुवात केली. त्यात मी हुशार आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा कॅप्सूल कशी बनते, जिलेटिन म्हणजे काय, सगळ्याच कंपन्या कशा वापरतात, हे मी आक्कांना सविस्तर समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, मलाही पूर्ण कल्पना नव्हती. आक्का म्हणाल्या, "चा घ्या." आणि आत गेल्या.

दुसऱ्यांदा मी कंपनीचं पत्र घेऊन गेलो. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. 'आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास कंपनी दिलगीर आहे.' आक्कांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"असल्यास म्हंजे?"

मी खालच्या सही-शिक्क्यावर बोट ठेवलं.

"हे कंपनीचं झालं," त्या म्हणाल्या आणि पत्राची घडी करून मला परत दिली.

याच सुमाराला जैनांचं दशलक्षण पर्व संपलं. त्यानंतर एका दिवशी सगळे एकमेकांची वर्षभरातल्या चुकांसाठी क्षमा मागतात. आमच्या कंपनीनं याचंही कार्ड छापलं होतं. दरवर्षी छापायची. 'उत्तम क्षमा', कमळाचं फूल आणि खाली कोपऱ्यात कॅप्सूलचा फोटो. माझ्या वाट्याला त्याचा गठ्ठा आला. मी आठ वर्षं वाटत होतो, पण त्या वर्षी तो गठ्ठा बॅगेत ठेवताना मला पहिल्यांदा लाज वाटली. त्याआधीच्या वर्षी कार्डाचा कागद चांगला आला म्हणून मी खूश झालो होतो. कार्डं वाटली नाहीत. फार शौर्याचं नाही ते. तशीही त्या गावात मला कुणी दारात उभं केलं नसतं.

तिसऱ्यांदा गेलो ते वनस्पतीच्या सालीच्या कॅप्सूल घेऊन. दुसऱ्या कंपनीच्या, माझ्या खिशातून घेतलेल्या. अजितनंच त्या दारात थांबवल्या. "आवं, तुमाला काय कळतंय का न्हाई? आईनं आता आवशद म्हनून पाण्याशिवाय काय घ्यायचं सोडलंय. चालती आपली, बरी हाय. परवा तपासलं, आकडं तसंच हायत." म्हणजे आकडे कॅप्सूलशिवायही तसेच उतरलेले राहिले होते. औषधविक्रीतली सगळ्यात मोठी गंमत मी संपादकांसाठी राखून ठेवली होती, ती ही.

पुढे मी नोकरी सोडली. त्यागबिग काही नाही. साताऱ्यात मेव्हण्याचं औषधाचं दुकान आहे, तिथं काउंटरवर उभा राहतो. लिव्हर टॉनिक विचारायला कुणी आलं तर मी आधी विचारतो, डॉक्टरांनी सांगितलंय का? चालता का? पिता का? मेव्हणा म्हणतो, "दाजी, तुमी हितं बसल्यापासनं गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जायला लागलीत."

गेल्या माघात मी चौथ्यांदा गेलो. हातात काही नेलं नाही. आक्का ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही.

"आज काय आनलंय?"

"काही नाही. सांगायचं होतं. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही सालीचं विचारलंत, तेव्हा मला माहीत होतं."

त्यांची बोटं तुरीत थांबली. मग म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं. तुमी लय पटकन पान दावलं." आणि सूप खाली ठेवून उठल्या. "मला एकटीला सांगून काय उपेग? सात घरच्या बायकांनी खाल्लं. तुमच्या शब्दावर न्हवं, माज्या. चला."

त्यांनी पदर घेतला आणि माझ्या पुढे चालू लागल्या. पहिल्या दारात एक बाई हात पुसत बाहेर आली. मी पायरीखाली उभा राहिलो आणि सुरुवात केली, "काय झालं होतं, ताई, की कंपनीनं..."

"कंपनी हितं आली न्हाई," आक्का म्हणाल्या.

मग मी नीट सांगितलं. साल हाडाची होती, मला ठाऊक होतं, आक्कांनी विचारलं तेव्हा मी फसवलं, आक्कांचा यात दोष नाही. माझ्या शेजारी आक्काही हात जोडून उभ्या होत्या. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं नाही, आक्कांचे हात धरून खाली केले. दुसऱ्या घरी एका म्हातारीनं दार लावून घेतलं. एका घरी सुनेनं मला विचारलं, "तुमच्या घरात चालतं का वं असलं फसवून घातलेलं?" मी नाही म्हणालो. सातही घरं झाली तेव्हा ऊन तापलं होतं.

परत आलो. आक्का ओट्यावर बसल्या, मी अंगणात उभा. त्यांनी सूप मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"झालं?"

"तुमचं राहिलं, आक्का," मी म्हणालो. "त्या सकाळी तुम्ही मला वाटी दाखवलीत, तेव्हा दीड तास होता. मी बोललो नाही. माताजी दुसऱ्या कुणाच्या घरी वळाव्यात म्हणून मी हात जोडून बसलो होतो. तुमच्या दारात त्या येऊ नयेत म्हणून. त्या वळल्या असत्या तर मी तुम्हाला कधीच काही सांगितलं नसतं, आणि तुम्ही आजही त्याच कॅप्सूल घेत असता. मला क्षमा करा."